नेम सरकलाय, घाई नाही

मार्नी: म्हणजे उद्या संध्याकाळी तो येणार, आणि तुम्ही त्याच्या पाचही बंदुका पुसूनबिसून त्याच्या हातात देणार. एवढंच विचारते, आर्वोकाका. हो की नाही?

आर्वो: त्याच्या आहेत.

मार्नी: मी काय विचारलं?

आर्वो: ऐकलं मी. त्याच्या आहेत, तो मागतोय. परवा पंधरा तारीख, हरणांचा मोसम उघडतोय. काय सांगू त्याला? हरवल्या?

मार्नी: सांगा, अजून दुरुस्त झाल्या नाहीत. दुरुस्तीलाच दिल्यात ना त्या? गावभर तेच सांगत फिरतोय डॅरिल. नेम सरकलाय म्हणे.

आर्वो: सरकलाय.

मार्नी: पाचही बंदुकांचा? एकाच दिवशी? साथ आली होती का काय बंदुकांना?

आर्वो: कॉफी घे पोरी. गार होतेय.

मार्नी: राहू दे कॉफी. वीस वर्षं शाळेची बस चालवतेय मी. मागच्या सीटवर कोण थापा मारतंय ते आरशात नुसतं तोंड बघून कळतं मला. आणि मी काय बाहेरची आहे? या गावातला पुरुष चांगली धडधाकट बंदूक घेऊन तुमच्याकडे येतो. 'नेम सरकलाय, बघून ठेव, घाई नाही' म्हणतो आणि जातो. तुम्ही काही विचारत नाही. त्याचं डोकं ठिकाणावर येईपर्यंत ती मागच्या खोलीत पडून राहते. मग एक दिवस तो येतो, तुम्ही म्हणता, 'बसला नेम.' झालं. घरोघरच्या बायकांना माहीत आहे हे. फक्त बोलत नाही कोणी.

आर्वो: मग तूही बोलू नकोस.

मार्नी: का?

आर्वो: बोललं की मोडतं ते.

मार्नी: आज कोर्टात माझी काय शोभा झाली, ती सांगू? मी सख्खी बहीण, भावाच्या बंदुका काढून घ्या म्हणून अर्ज घेऊन उभी. न्यायाधीशबाईंनी विचारलं, 'तुमच्या भावाने बायकोवर हात उचललाय का?' नाही. 'धमकी दिली?' मी म्हटलं, त्याची बायको नॅडीन त्याला सोडून ज्या घरात भाड्याने राहतेय, त्या घरासमोर तो गाडीचे दिवे बंद करून बसतो. बाई म्हणाल्या, 'रस्ता सगळ्यांचा, गाडी त्याची. बसणं हा गुन्हा नाही. तुम्हाला भीती वाटते म्हणून मी एखाद्याच्या बंदुका वर्षभर काढून घेऊ शकत नाही. त्याच्या तोंडून काही ऐकलेलं कोणी असेल, तर उद्या दहाला घेऊन या. नाहीतर अर्ज निकालात काढते.'

आर्वो: बरोबर बोलल्या.

मार्नी: बरोबरच बोलल्या! मी कुठे चूक म्हणते? उद्या कोणी माझ्यावर असा अर्ज केला, तर मलाही अशीच बाई हवी त्या खुर्चीत. म्हणून तर तुमच्या दारात आले.

आर्वो: नॅडीन का नाही सांगत?

मार्नी: काय सांगेल ती? तिच्याशी तो साखर पेरल्यासारखं बोलतो. फुलं पाठवतो. ती म्हणते, 'मी कोर्टात तोंड उघडलं आणि बाईंनी अर्ज फेटाळला, तर रात्री दारावर थाप पडल्यावर कोण येणार? तू?' दिवसासुद्धा पडदे लावून बसते ती. पोरीला घेऊन शाळेच्या दारापर्यंत येते आणि परत पडद्याआड. असं जगणं असतं का हे?

आर्वो: नसतं.

मार्नी: काय म्हणाला तो, बंदुका ठेवताना?

आर्वो: नेम...

मार्नी: काका! पुरे आता. बाबांनी विचारलं असतं, तर त्यांनाही हेच सांगितलं असतंत?

आर्वो: तुझ्या बापाने विचारलंच नसतं.

मार्नी: हो ना. म्हणून तर आमच्या घरात कोणाला कधी काही कळलंच नाही. मी विचारतेय. मी त्यांच्यासारखी नाही.

आर्वो: नाहीस. त्याच्यापेक्षा हट्टी आहेस.

मार्नी: काय म्हणाला?

आर्वो: दार ओढून घे.

मार्नी: घेतलं.

आर्वो: दोन खेपांत आणल्या त्याने. इथे टेबलावर ठेवल्या सगळ्या. मी म्हटलं, काय रे, नेम सरकला का? बाकीचे हो म्हणतात आणि जातात. हा म्हणाला, 'नाही आर्वो. काल मी नॅडीनच्या दारात उभा होतो. तिच्या बापाने लग्नात दिलेली रायफल हातात होती. भरलेली. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला, म्हणून परत फिरलो.'

मार्नी: देवा रे.

आर्वो: मग म्हणाला, 'ठेव तुझ्याकडे. मला नकोत.' आणि इथे बसून लहान पोरासारखा रडला.

मार्नी: कुत्रा भुंकला नसता तर?

आर्वो: तेच मी रोज स्वतःला विचारतो.

मार्नी: आणि तरी उद्या देणार होता तुम्ही! कमाल आहे, काका. धन्य आहे तुमची!

आर्वो: तो स्वतः घेऊन आला, मार्नी. स्वतःच्या पायांनी. कोणी शेरीफ, पोलीस पाठवला नव्हता त्याच्याकडे. ज्याला खरंच मारायचं असतं तो बंदूक आणून देत नाही.

मार्नी: ऑक्टोबरात बंदुका आणून ठेवल्या, तेव्हा नव्हतं मारायचं. तेव्हा नॅडीन परत येईल असं वाटत होतं त्याला. आता घटस्फोटाचा कागद हातात पडलाय. चला माझ्याबरोबर उद्या. फक्त एवढंच सांगा, जे आत्ता सांगितलंत.

आर्वो: मागच्या खोलीत एकट्या डॅरिलच्या नाहीत बंदुका.

मार्नी: मग? कोणाच्या?

आर्वो: ते सांगत नसतो. पण आहेत. आणि त्यातला एकही डॉक्टरकडे जायचा नाही. पाद्र्याकडे जायचा नाही. बायकोला तर त्याहून नाही. इथे येतो, कारण मी विचारत नाही आणि कोणाला सांगत नाही. उद्या मी कोर्टात हात वर करून शपथ घेतली, की आठवड्याच्या आत सगळे येऊन आपापली घेऊन जातील. आणि पुढच्या वेळी ज्याचं डोकं फिरेल, तो कोणाकडे येणार नाही. घरीच ठेवेल. उशाशी.

मार्नी: मग त्यांच्यासाठी नॅडीनने मरायचं?

आर्वो: तसं म्हटलं का मी?

मार्नी: दुसरं काय म्हटलंत? एका पारड्यात नॅडीन, दुसऱ्यात तुमची ती मागची खोली. देवाने तराजू धरायला दुकानदार बरा शोधला!

आर्वो: तेही जीवच आहेत, पोरी. तुला दिसत नाहीत एवढंच. आणि दुसरं ऐक. उद्या डॅरिलवर लागेल तो नियम, परवा कोणावरही लागेल. कोणाचं बांधावरून भांडण, कोणाचा घटस्फोट, की चालले कोर्टात. गुन्हा नाही, खटला नाही, आणि शेरीफची गाडी दारात! संशयावरून बंदुका काढून घ्यायचा हा कायदा आला, तेव्हा मी याच दुकानात सगळ्यांसमोर त्याला शिव्या घातल्या होत्या.

मार्नी: मीही होते तेव्हा. टाळ्या वाजवल्या होत्या मी.

आर्वो: मग?

मार्नी: तेव्हा डोळ्यांपुढे दुसराच कोणी होता. कुठल्यातरी शहरातला माथेफिरू. डॅरिल नव्हता. माझं पहिलं हरीण मी बाराव्या वर्षी मारलं काका, तुम्ही बाजूला उभे होता. बंदुकीशी वाकडं नाही माझं. माझ्या फ्रीझरमध्ये अजून गेल्या वर्षीचं हरणाचं मटण आहे. पण बंदूक त्याचा हक्क, हे मी नॅडीनच्या पोरीला कुठल्या तोंडाने समजावू? तिच्या आईच्या मयताला?

आर्वो: ओरडू नकोस.

मार्नी: ओरडणार! आई बोलत नाही माझ्याशी. म्हणते, 'भावाच्या गळ्यात फास घालायला निघालीस.' मी काय हौसेने करतेय? लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरवलंय मी. सौनाच्या वाफेत गरम होतंय म्हणून रडायचा, तर बर्फात लोळवायचे मी त्याला. तो माझा भाऊ आहे. मला दोघंही जिवंत हवी आहेत. फार मागतेय का मी?

आर्वो: नाही.

मार्नी: मग?

आर्वो: मी टाळत राहतो त्याला. म्हणतो, सुटा भाग आला नाही. मोसम जाऊ दे. बर्फ पडलं की माणूस थंड होतो.

मार्नी: आणि मग हायवेवरच्या मोठ्या दुकानात जाऊन त्याने नवी घेतली तर? तिथे कोण ओळखतं त्याला? कोर्टाचा हुकूम असला, तरच तिथे संगणकात त्याचं नाव घातल्यावर 'नाही' म्हणतील. तुमच्या मागच्या खोलीला कुलूप घालून काय होणार?

आर्वो: नाही घेणार तो तिथून.

मार्नी: कशावरून?

आर्वो: खोटं बोललो. सकाळी फोन केला होता त्याने. मी हेच सांगितलं, भाग आला नाही. तो हसला. म्हणाला, 'चाळे नको करूस म्हाताऱ्या, नेमाला काही झालेलं नाही हे तुलाही माहीत आहे. उद्या दे, नाहीतर हायवेवरून दुसरी उचलतो. मला घाई आहे.'

मार्नी: घाई?

आर्वो: चाळीस वर्षं हे दुकान चालवतोय. इथे ठेवलेली बंदूक मागताना घाई आहे म्हणणारा हा पहिला माणूस.

मार्नी: आणि हे तुम्ही आत्ता सांगताय! मघापासून मला कॉफी पाजताय!

आर्वो: सांगितलं की जावं लागणार, हे माहीत होतं मला.

मार्नी: मग?

आर्वो: दहाला ना?

मार्नी: दहाला.

आर्वो: मी माझ्या गाडीने येईन. तुझ्याबरोबर नाही. आणि तिथे मला काका म्हणू नकोस.

(हरणांचा मोसम सुरू होऊन बरेच दिवस झाले आहेत. तेच दुकान, दुपार. मार्नी घरी भाजलेला वेलदोड्याचा पाव घेऊन आली आहे.)

मार्नी: खा तरी. विष नाही घातलेलं.

आर्वो: ठेव तिथे.

मार्नी: नॅडीनचा फोन होता. म्हणाली, दिवसा पडदे उघडले. पोरगी अंगणात बर्फात खेळली. म्हणाली, आर्वोकाकांना सांग.

आर्वो: बरं झालं.

मार्नी: एवढंच?

आर्वो: खरंच बरं झालं. पुन्हा तीच वेळ आली, तर पुन्हा तेच सांगेन. आता काय नाचू?

मार्नी: नाचू नका. पण तोंड असं करू नका. माझ्याकडे तरी कुठे सणवार चाललाय? डॅरिल आईकडे येऊन राहिलाय. मी दारातून आत आले, की ताट उचलून दुसऱ्या खोलीत जातो. पंधरा तारखेला पहाटे सगळं गाव शिकारीच्या कॅम्पवर निघालं, आणि हा आईच्या खिडकीत उभा. गाड्या जाताना बघत होता म्हणे. कोणीतरी हॉर्न वाजवून विचारलं, 'काय रे, आजारी आहेस का?' आई म्हणते, 'जिवंतपणी पुरलंस तू त्याला. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला येऊ नकोस.'

आर्वो: कोर्टाचा हुकूम घेऊन शेरीफची माणसं आली होती त्याच्या बंदुका न्यायला. मीच मोजून दिल्या. त्यातला एक पोरगा मला म्हणाला, 'थँक यू सर, तुमच्यासारखी माणसं हवीत.' कानशिलात द्यावीशी वाटली त्याच्या.

मार्नी: चांगलंच बोलला की तो.

आर्वो: हो. तुझी आई निदान शिव्या तरी देते. इथे कोणी शिवीसुद्धा देत नाही.

मार्नी: म्हणजे?

आर्वो: येतात. थंडी फार आहे म्हणतात. मग म्हणतात, 'आर्वो, तो माझा नेम बघायला दिला होता ना, राहू दे. मीच बघतो.' हात मिळवतात. जातात. एकानेही तोंड वाकडं केलं नाही. केलं असतं तर भांडलो असतो मी.

मार्नी: किती गेले?

आर्वो: मागची खोली झाडून घे म्हटलं, तर घेता येईल आता.

मार्नी: त्यातलं कोणी असं आहे का, की ज्याची...

आर्वो: सांगत नसतो.

मार्नी: अजूनही?

आर्वो: एकदा सांगितलं. लोकांना तेवढं जन्मभर पुरणार आहे.

युजीन: आहे का कोणी दुकानात? की सगळे साक्षीला गेले?

आर्वो: ये, युजीन.

युजीन: आणि मार्नीबाई पण! तरीच वेलदोड्याचा वास रस्त्यापर्यंत येतोय.

मार्नी: घ्या ना युजीनकाका एक तुकडा. हेल्मीकाकूंनीच शिकवलाय मला. चर्चच्या स्वयंपाकघरात.

युजीन: ती जरा जास्त भाजायची. करपवायचीच म्हण. एवढी वर्षं मी कुरकुर केली. आता कोणी करपवतच नाही.

मार्नी: घ्या, काका.

युजीन: नको पोरी. घशाखाली उतरत नाही मला. आर्व्या, ती माझी शॉटगन. उन्हाळ्यात दिली होती. हेल्मीला पोचवून आलो, त्याच आठवड्यात.

आर्वो: चाप अडकतोय म्हणाला होतास.

युजीन: सुटला असेल की एव्हाना.

आर्वो: बघितला नाही अजून. राहू दे थोडे दिवस.

युजीन: चापाला काही झालं नव्हतं, तुला माहीत आहे.

आर्वो: माहीत आहे.

युजीन: मग दे.

आर्वो: कशाला हवीय तुला? गुडघे गेले म्हणून पाच वर्षांत तू कॅम्पवर फिरकला नाहीस. काय मारणार आहेस?

युजीन: भिंतीवर लावणार आहे. मोकळी दिसते भिंत.

आर्वो: फोटो लाव.

युजीन: फोटो लावलेत. त्यानेच मोकळी दिसते.

मार्नी: युजीनकाका, माझ्यामुळे झालं हे सगळं. आर्वोकाका येणारच नव्हते, मी भांडून नेलं त्यांना. माझ्यावर रागवा, पण बंदूक राहू द्या इथे.

युजीन: तुझ्यावर कशाला रागवू? तू बरोबर केलंस. ती पोरगी वाचली. मी तुझ्या जागी असतो, तर हेच केलं असतं. आर्व्याच्या जागी असतो, तरी हेच केलं असतं.

मार्नी: मग?

युजीन: मग काय? माझ्या जागी आहे, म्हणून न्यायला आलोय.

मार्नी: मला नाही कळलं.

युजीन: आधी इथे बंदूक ठेवायचो, म्हणजे आर्व्याकडे ठेवायचो. आता आर्व्याकडे ठेवली, की थोडी कोर्टाकडेही ठेवल्यासारखी होते. चूक कोणाची नाही. पण झालंय ते झालंय.

मार्नी: तुमच्या मुलाला फोन करू का मी?

युजीन: कर की. ऍरिझोनात असतो. हवा छान आहे म्हणेल.

आर्वो: आणि मी नाही दिली तर?

युजीन: तर शेरीफला बोलावेन मी. म्हणेन, माझी वस्तू देत नाही हा.

आर्वो: आणि मी त्याला सांगेन तुझं.

युजीन: काय सांगशील? म्हाताऱ्याची बायको गेली, म्हातारा उदास आहे? तेवढ्यावर बंदुका उचलायला लागले, तर या गावात त्यांना गाड्या पुरायच्या नाहीत. मी तुला काय बोललो होतो उन्हाळ्यात? चाप अडकतोय. घे शपथ आणि सांग कोर्टात, चाप अडकतोय म्हणाला. डॅरिल मूर्ख. सगळं बोलून बसला.

मार्नी: आर्वोकाका, देऊ नका. काहीतरी करा.

आर्वो: काय करू? तूच सांग. कोर्टात जाऊन आलो ना एकदा? तिथे कानाने ऐकलेलं लागतं. याने काही ऐकवलंच नाही मला.

मार्नी: तुम्हाला कळतंय तरी...

आर्वो: कळतंय! मला उन्हाळ्यापासून कळतंय! कळण्याला कायद्यात जागा नाही, आणि असावी असंही वाटत नाही मला. काय समजलीस? बाजूला हो, किल्ली घेऊ दे.

युजीन: सावकाश. घाम येतोय तुला.

आर्वो: ही घे. पिशवीत आहे. काडतुसं नाहीत.

युजीन: घरी आहेत.

आर्वो: युजीन, रविवारी ये जेवायला. मी एकटाच असतो. पत्ते खेळू.

युजीन: बघू.

आर्वो: बघू नाही. ये. झोप लागते का रे तुला रात्री?

युजीन: तू कोर्टात जायच्या आधी विचारलं असतंस, तर खरं सांगितलं असतं. आता छान लागते. जरा दार उघड, माझे हात मोकळे नाहीत.